बाळंतिणीच्या नावाने दोन गोळ्या

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होतो. "नसीम गेली," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "बरं." बायको गेल्याचं सांगणाऱ्या माणसाला कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. मग हातातली पट्टी नीट कापून गिऱ्हाइकाला दिली, आणि त्यानंतर कुठे स्टुलावर बसलो...

नसीम आणि मी भिंगारच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे ती नर्सिंग शिकून मिडवायफरीच्या मुलींना शिकवू लागली आणि मी वडिलांच्या मेडिकलच्या गल्ल्यावर बसलो. ती मला ‘शेठ’ म्हणायची. या शब्दात किती अपमान बसू शकतो हे तिच्याकडून शिकावं. तिचं मुख्य दुखणं म्हणजे अँटिबायोटिक. मुली पेपरात सुरेख उत्तरं लिहायच्या: डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, डोस अर्धवट सोडू नये, जंतू निगरगट्ट होतात, पुढे औषधाला दाद देत नाहीत. पेपर तपासून झाले की नसीम वर्गात सगळ्यांना पर्स उलट्या करायला लावायची. टिकल्यांची पाकिटं, पिना आणि अर्ध्या अर्ध्या पट्ट्या टेबलावर पडायच्या. राहात्याकडची कविता नावाची मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, ते पेपरातलं पेशंटसाठी हाय ना? आमाला कणकण आली तर बरं वाटंस्तोवर खातो. उरल्याल्या मैत्रिणीला कामाला येतात." नसीम रागावली नाही. पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. कापण्याची तिरकी ढब ओळखीची होती. माझी.

दुसऱ्या दिवशी तीच कविता साध्या कपड्यांत दुकानात आली. "काका, वहिनी बाळंत झालीय. अंग तापलंय. चांगल्यातल्या दोन गोळ्या द्या." मला दया आली. मी भारीतल्या दोन दिल्या, वर एक फुकट, आणि सल्लाही दिला, "बरं वाटलं की बंद कर हं, उगाच उष्णता होते." पोरीने गोळ्या मुठीत धरल्या आणि दाराकडे बघून हाक मारली, "मॅडम, दिल्या!" नसीम आत आली. मागे अख्खा वर्ग.

"शेठ, बाळंतिणीला ताप कशानं आला, विचारलंस?"

"अगं, गिऱ्हाइकांची गर्दी होती..."

दुकानात त्या वेळी मी आणि वजनकाटा, दोघेच होतो. मुली खो खो हसल्या. नसीम त्यांच्याकडे वळली, "टाक्यांत पू झाला असेल तर? गर्भपिशवीत असेल तर? दोन गोळ्यांनी ताप दबेल, घरचे निर्धास्त होतील, आणि आतलं आत वाढत जाईल. आणि हा वर सांगतो, बंद कर!" मी म्हणालो, "नसीम, चहा सांगू का?" म्हणाली, "सांग. सगळ्यांना."

त्यानंतर दर नव्या वर्गाची एक मुलगी कोणा ना कोणा बाळंतिणीच्या नावाने माझ्या दारात येऊ लागली. आता मीही काही कच्चा नव्हतो. नसीमच्या मुलींना साधे कपडे घालायचं सुचायचं, पण पायात तेच युनिफॉर्मचे काळे बूट असायचे. काळे बूट दिसले की मी चष्मा नाकावर ओढून म्हणायचो, "ताई, चिठ्ठी आणा. आधी पेशंट दाखवा." आणि बूट गेले की चपलांना देत राहायचो. नसीम खूश झाली. "शेठ सुधारला," असं वर्गात सांगू लागली. मी ते कौतुक बायकोच्या तोंडूनही दोनदा वदवून घेतलं.

मग नसीमचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. नंतर लघवीत जंतू आढळले, ताप उतरेना, इंजेक्शनं बदलत गेली. मी औषधांतला माणूस. बदललेली नावं वाचूनच कळलं, नेहमीच्या औषधांना जंतू दाद देत नव्हते. डॉक्टरांना गाठून विचारलं, हे असले जंतू येतात कुठून? ते म्हणाले, "सांगता येत नाही. हॉस्पिटलमधून, गावातून, कुठूनही." मला ‘तुमच्या दुकानातून नाही’ एवढंच ऐकायचं होतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तिचा आवाज अगदी खोल गेला होता. माझ्याकडे बघत म्हणाली, "शेठ, सुट्ट्या गोळ्या द्यायचा तू तरी थांबलास ना रे?" मी मान डोलावली. वर म्हणालो, "तुझ्यासारखी मास्तरीण असल्यावर काय बिशाद!" ती हसली नाही. नंतर डोळे मिटून पडून राहिली, आणि मला वाटलं, दमली असेल...

गेल्या आठवड्यात मुलींनी तिच्यासाठी छोटी सभा ठेवली. वर्गाच्या टेबलावर बाळंतपण शिकवायची रबरी बाहुली होती, नसीमच्या जुन्या ओढणीचं झबलं घातलेली. कविता आता तिथेच शिकवते. तिने मला बोलायला उभं केलं. मी दोन विनोद केले. शेवटी सांगून टाकलं. बूट, चपला, हॉस्पिटलमधली मान, सगळं. जिने ऐकायला हवं होतं ती सोडून सगळ्यांनी ऐकलं.

कविता जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, मॅडमना ठाऊक हुतं. माझ्या मामेभावानं तुमच्याकडूनच चिठ्ठीबिगर गोळ्या नेल्या हुत्या, मीच सांगितलं त्यांना. म्हणल्या, गप राहा. त्याला विचारीन मी. तो मला खोटं सांगायचा न्हाई."

टेबलाजवळची एक मुलगी बाहुली उचलून कपाटात ठेवत होती. एक हात मानेखाली, नसीमने शिकवलं होतं तसा, सावकाश... रबराच्या बाळाला काही होणार नव्हतं, तरीसुद्धा.