ऑर्विल हॅस्केटचं कुलूप

रॉयस हॅस्केटला खोटं बोलता येत नव्हतं, आणि ज्याला जे येत नाही त्यानं त्या वाटेला जाऊ नये. पण एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला ती अवदसा आठवली. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. बारा तास कोळशाचे डोंगर हलवेल, शेजाऱ्याची गाय बर्फातून खांद्यावर आणेल, पण बापाच्या डोळ्याला डोळा देऊन चार शब्द बोलायचे म्हटले की याची जीभ टाळ्याला चिकटते.

मार्चमध्ये खाणीनं अर्धी माणसं घरी बसवली, त्यात रॉयस होता. सव्वीस वर्षं तिथं ट्रक चालवलेले, दुरुस्त केलेले. बायको दहा वर्षांपूर्वीच डेन्व्हरला निघून गेलेली. घरात तो आणि त्याचा बाप ऑर्विल, दोघंच. ऑर्विलनं त्याच खाणीत चौतीस वर्षं विजेची कामं केली, आणि त्याबद्दल खाणीनं त्याला एक घड्याळ आणि निकामी फुप्फुसं दिली. नाकात ऑक्सिजनची नळी आणि डोक्यावर कुणापुढं कधी न उतरवलेली खाणीची टोपी घालून म्हातारा स्वयंपाकघरातल्या फोनशेजारी बसायचा आणि रोज विचारायचा, "फोन आला का रे खाणीतनं?"

"नाही बाबा."

"येईल. हॅस्केटांशिवाय चाललंय कधी त्यांचं?"

पाच महिने हेच. ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याचा दम फार वाढला, आठ दिवस दवाखान्यात काढले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर फोन आला का? आणि रॉयसच्या तोंडून निघून गेलं, "आला बाबा."

बस्स. बाण सुटला. त्याच आठवड्यात त्यानं गावातल्या सरकारी कॉलेजात नाव घातलं होतं, पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या कारागिरांच्या वर्गात. ते कसं सांगणार? ऑर्विलच्या लेखी पवनचक्की म्हणजे गावच्या पोटावर पाय. विल्माच्या कॅफेत म्हाताऱ्यांचं एक टेबल आहे. तिथं लॉइड ग्रँथम येतो, ऑर्विलचा खाणीतला जुना जोडीदार. लॉइडचा जावई तीन वर्षांपूर्वी पवनचक्कीवर गेला, तेव्हापासून ऑर्विल त्या पोराला नुसता 'पंखा' म्हणायचा. "काय म्हणतोय तुमचा पंखा?" असं विचारायचा. "वारा पडला की पगार पडतो का रे त्याचा?" टेबल हसायचं, लॉइडही हसायचा. घरी येऊन ऑर्विल रॉयसला सांगायचा, "मी उपाशी मरेन, पण असल्या पंख्याला हात लावणार नाही."

आता असल्या बापाला सांगा खरं.

ऑर्विलनं आपला जुना पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला, घासूनपुसून लेकाच्या हातात दिला. डब्याच्या कडीला त्याचं खाणीतलं पितळी कुलूप तसंच लटकत होतं, चावी आत झाकणाला चिकटवलेली. कुलपावर ठोकलेलं होतं: ऑर्विल हॅस्केट, आणि खाली घरचा फोन नंबर. "चौतीस वर्षांत या कुलपानं मला एकदाही दगा दिला नाही," म्हातारा म्हणाला आणि घाईघाईनं तोंड फिरवून उभा राहिला.

रोज पहाटे साडेपाचला रॉयस डबा घेऊन निघायचा. ऑर्विल दारात उभा. "मोठ्या ट्रकच्या मागे उभा राहू नकोस रे." "नाही बाबा." हिरवी पिकअप उत्तरेला खाणीच्या रस्त्याला लागायची, पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, आणि टाकीआड वळून गुपचूप दक्षिणेला कॉलेजकडे यायची. वर्ग आठला. दोन तास हा बाबा कॉलेजच्या मागच्या आवारात गाडीत बसून थर्मासातली कॉफी पीत राहायचा, टोपी डोळ्यांवर ओढून.

आणि संध्याकाळचं तर सांगायलाही मला लाज वाटते. खाणीतला माणूस काळा होऊन घरी येतो. हा येणार स्वच्छ. मग रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबवायची, रुळांकडेला सांडलेली कोळशाची भुकटी मुठीत घ्यायची, आणि मानेला, बाह्यांना, नखांना चोळायची. सव्वीस वर्षं जी अंगावरून घासून काढली, तीच भुकटी तो आता स्वतःच्या हातानं फासत होता.

कॉलेजात मात्र तो रमला, हेही खरं. वर्गातली पोरं एकोणीस-वीसची, त्याला 'आजोबा' म्हणायची. "आजोबा, शिडी तुमच्यासाठी धरू का?" आजोबा ऐंशी मीटर चढून वर पोचायचा तेव्हा निम्मी पोरं मधल्या फळीवर धापा टाकत असायची. संगणकावर त्याची बोटं अडखळत, पण पाना हातात घेतला की शिकवणाऱ्या नोरीन लुहान मॅडमही बाजूला होऊन बघत राहायच्या. बाई पस्तिशीच्या, बारा वर्षं पवनचक्क्यांवर काढलेल्या, आणि नियमाला अशा पक्क्या की त्यांच्यापुढं खाणीतला मुकादम मवाळ वाटावा.

त्यांचा पहिला नियम रॉयसला नवा नव्हता. यंत्रात हात घालायच्या आधी वीज तोडायची, खटक्याला आपल्या नावाचं कुलूप ठोकायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. कुलूप आहे म्हणजे तो माणूस आत आहे. ज्याचं नाव त्यानंच ते काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. विसरून गेला तर त्याला हुडकायचं, तो जिवंत आणि धड आहे हे त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि त्यालाच परत बोलवायचं. खाणीतही हेच होतं. फक्त तिथं आणखी एक रीत होती: कुलूप विसरलेल्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या पाळीला दालचिनीचे रोल खाऊ घालायचे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी रॉयस आपलं लाल कुलूप घरी विसरला. सरावाच्या विजेच्या पेटीवर काम होतं, सगळे खोळंबलेले. मॅडमना सांगितलं असतं तर दुसरं मिळालं असतं. पण आजोबा विसरले म्हणून पोरं दात काढतील, एवढ्यासाठी यानं डब्याचं पितळी कुलूप काढलं आणि ठोकलं. काम चोख झालं. तेवढ्यात एका कंपनीचा माणूस आला, रॉयसला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "मंगळवारची शेवटची परीक्षा पास झालात की आमच्याकडे या. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत." आठ महिन्यांत त्याला कुणी असं म्हणालं नव्हतं. त्या आनंदात गडी पेटी, कुलूप सगळं विसरून थेट गाडीत बसला. फाटकापाशी मात्र थांबला. तिथला विधी नाही विसरला.

घरी ऑर्विलनं मिरचीचं झणझणीत बीन्सचं कालवण केलं होतं आणि सोबत खायला दालचिनीचे रोल, परातभर. पहिला घास तोंडात जातोय तोच फोन वाजला. ऑर्विलनंच उचलला, फोन त्याच्याच कुशीत असतो.

"ऑर्विल हॅस्केट का?" पलीकडून बाईचा करडा आवाज. "तुम्ही सुखरूप आहात ना?"

"आहे की. दम लागतो, पण आहे. कोण बोलतंय?"

"कॉलेजातून बोलतेय. तुमचं कुलूप आमच्या पवनचक्कीच्या पेटीवर आहे. माझ्या यादीत हॅस्केट एकच आहे, तो तुम्ही नाही, आणि आज संध्याकाळी सातला दुसऱ्या वर्गाची परीक्षा आहे. तुम्ही आत आलात कसे?"

रॉयसच्या हातातला चमचा तिथंच राहिला. म्हाताऱ्यानं डब्याकडे पाहिलं. कडी रिकामी होती. मग त्यानं लेकाकडे पाहिलं, त्याच्या मानेवरच्या काळ्या भुकटीकडे.

"बाई," तो फोनमध्ये म्हणाला, "कुलूप माझंच आहे. मी येतो काढायला."

"बाबा, मी जातो ना, चावी माझ्याकडे—"

"नाव कुणाचं आहे त्याच्यावर?" ऑर्विलनं ऑक्सिजनची छोटी बाटली उचलली. "गाडी काढ. आणि ती परात घे."

"परात कशाला?"

"रीत विसरलास का आता?"

रेल्वेचं फाटक मागे पडलं तेव्हा म्हाताऱ्यानं विचारलं, "खाणीतनं फोन आलाच नव्हता?"

"नाही बाबा."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"ते शर्ट मी धुवत होतो," ऑर्विल म्हणाला. "खाली वाकलं की दम लागायचा, तरी धुवायचो. म्हटलं, खाणीचा कोळसा आहे." धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

वर्गात परीक्षेला आलेली पोरं घोळका करून उभी होती, रॉयसच्या वर्गातलीही काही थांबली होती. ऑर्विल बाटली ओढत आत आला तेव्हा एक जण हसायला गेला आणि मॅडमच्या नजरेनं गप्प झाला. रॉयसनं मान खाली घालून सगळं सांगितलं. चावी बापाच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं आधी पेटी नीट पाहिली, खटका पाहिला, आत कुणी नाही हे दोनदा विचारलं, आणि मगच कुलूप उघडलं. जुन्या सवयी.

नोरीन मॅडम रॉयसला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाचं कुलूप. उद्या तुम्ही आत अडकलात तर मी फोन कुणाला करणार? घरी बसलेल्या म्हाताऱ्याला? तो म्हणणार मी सुखरूप आहे, आणि आम्ही वीज सोडणार."

ही गोष्ट रॉयसच्या डोक्यात खरंच आली नव्हती. सव्वीस वर्षांत त्यानं कुणाला अशी चूक करू दिली नव्हती.

"मंगळवारच्या परीक्षेला तुम्ही बसणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सत्रात बघू."

रॉयसनं नकळत बापाकडे पाहिलं. ऑर्विल म्हणाला, "बरोबर आहे बाई. मी असतो तर मीही हेच केलं असतं." मग त्यानं परातीवरचं फडकं काढलं. "पोरांनो, चूक आमच्या घरातली आहे. खा." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेकानं रोल उचलला. कुणी आजोबा म्हटलं नाही. कुणी म्हटलं असतं तर रॉयसला जरा बरं वाटलं असतं.

सकाळी ऑर्विलनं त्याला उठवलं. "चल. विल्माकडे."

"बाबा, आज नको."

"मी तिथं तीन महिने छाती फुगवून बसलोय. तुझ्या जिवावर. आता उतरवायची, तर तू समोर हवास."

टेबलावर लॉइड एकटाच आला होता, कॉफीत साखर ढवळत. ऑर्विल बसलासुद्धा नाही. "लॉइड, ऐक. माझ्या पोराला खाणीनं बोलावलं नव्हतं. तो ऑगस्टपासून पंख्याच्या कॉलेजात जातोय. मी तुला खोटं सांगत होतो, मला ठाऊक नव्हतं तरी सांगत होतो."

लॉइड ढवळतच राहिला. ना 'काय' म्हणाला, ना 'हो का' म्हणाला. विल्मानं किटली घेऊन आतला रस्ता धरला.

ऑर्विलच्या हळूहळू ध्यानात आलं. "तुला ठाऊक होतं?"

"अरे, ती हिरवी गाडी," लॉइड जरा चिडूनच म्हणाला, "रोज सहा वाजल्यापासून कॉलेजच्या मागे उभी. या गावात गाडी कुणाची ते आंधळ्यालाही कळतं. सगळ्यांना ठाऊक आहे."

रॉयसचे कान तापले. लपलो, लपलो म्हणून तो रोज टोपी ओढून बसत होता, आणि सगळं गाव त्याच्या बापाच्या बढाया ऐकून घेत होतं. बापाला वाचवायला निघालेल्यानं त्याला गावासमोर उघडं बसवलं होतं, तीन महिने, रोज.

"मग बोलला का नाहीस?" ऑर्विलचा आवाज चिरकला. "मी रोज तुझ्या जावयाला... रोज तुझ्या तोंडावर... एक शब्द टाकला असतास तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं!"

लॉइडनं चमचा बशीत ठेवला. "दवाखान्यातून आलास तेव्हा माणसात नव्हतास, ऑर्विल. मग पोराला काम लागलं म्हणालास आणि हसलास. आता त्यावर मी काय बोलणार होतो?"

ऑर्विल खुर्चीत बसला. बाटली पायाशी ठेवली. रॉयस उभाच होता. बस म्हणायला कुणी नव्हतं आणि आपण होऊन बसायची त्याची छाती नव्हती.

म्हातारा टेबलाकडे बघत म्हणाला, "लॉइड, नाव काय रे त्याचं?"

"कुणाचं?"

"तुझ्या जावयाचं. तीन वर्षं झाली. मी कधी विचारलंच नाही."

"कॅल्विन," लॉइड म्हणाला.

"कॅल्विन," ऑर्विलनं म्हणून पाहिलं. आणि मग रॉयसनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्याच्या बापानं डोक्यावरची खाणीची टोपी काढली, मांडीवर उलटी ठेवली, आणि तो मान खाली घालून बसून राहिला.