आठ दिवस बसून खायचं

मुलांच्या वसतिगृहात एकतीस वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक केलेल्या त्या बाईला सगळे मेसच्या काकू म्हणायचे. हळूहळू घरातही तेच नाव चिकटलं. सव्वाशे पोरांचा भात शिजवायचा, वाढायचा, परत आलेली ताटं मोजून घ्यायची आणि स्वतः सगळ्यांत शेवटी ओट्याला टेकून उभ्यानं चार घास खायचे, असा त्यांचा दिवस. पातेल्याच्या बुडाला जे चिकटलेलं असेल ते त्यांचं जेवण. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार करायलाही थोडी सवड लागते.

अशा बाईला परदेश दाखवण्याचं पुण्य धाकट्या दिरानं आपल्या नावावर लावून घेतलं. हे गृहस्थ विम्याचे एजंट. कंपनीनं चार वेळा परदेशी फिरवून आणल्यापासून नातेवाईक त्यांना जगप्रवासी म्हणत, आणि ते कौतुक आहे असा त्यांचा समज होता. लग्नकार्यात एखादा सापडला की त्याला कोपऱ्यात गाठून परदेशात कमी पैशात उत्तम कसं जेवावं, यावर हे तासभर ज्ञान पाजळणार. चारही वेळा जेवणाचं बिल कंपनीनं भरलं होतं, ही गोष्ट मात्र ते सोयीनं विसरत.

यंदा दोघे भाऊ आणि दोघी जावा मिळून आठ दिवस जायचं ठरलं. काकूंनी एकच अट घातली.

"येते मी. पण आठ दिवस स्वयंपाकाला हात लावणार नाही. दुसऱ्या कुणीतरी केलेलं, गरम गरम, बसून खाणार."

"वहिनी, शब्द देतो!" जगप्रवासी छातीवर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही फक्त बसून खायचं."

काकूंनी विश्वास ठेवला. महिनाभर त्या भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होत्या. परदेशातल्या इमारती, पूल, बागा यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना वाढलेलं ताट हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत जगप्रवाशांनी आपली मोठी बॅग उघडली. आत चार किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तिखटामिठाच्या पुड्या आणि विजेची केटली.

"बाहेर एका ताटाचे काय घेतात माहितीये, वहिनी? दरोडेखोर आहेत लेकाचे! आणि चव? शून्य. तुमच्या हाताची सर कुणाला येणार आहे का?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. धाकट्या भावानं काही म्हटलं की मान डोलवायची, एवढंच काम या माणसानं आयुष्यभर मन लावून केलं होतं.

"अगं, नुसतं बटण तर दाबायचंय," तो म्हणाला.

ते बटण हीच खरी गंमत होती. केटली पाण्यासाठी केलेली. पाणी उकळलं की ती टक्कन बंद पडायची आणि तांदूळ आत कच्चाच राहायचा. यावर जगप्रवाशांचा रामबाण उपाय म्हणजे अंगठ्यानं बटण दाबून धरायचं. अंगठा अर्थातच काकूंचा. खोलीच्या छताला धुराची घंटा होती. ती वाफेनं वाजू नये म्हणून हा सगळा कारखाना बाथरूममध्ये हलवला. बेडजवळच्या प्लगातून वायर ओढली, कमोडचं झाकण पाडलं, त्यावर काकू बसल्या, आणि समोर जमिनीवर केटली. एका वेळी दोघांपुरतंच शिजायचं, म्हणून आधी पुरुषांचं आणि मग बायकांचं. डाळीचा फेस केटलीच्या तोंडातून उतू जाऊन फरशीवर यायचा, तो पुसायचा, परत अंगठा. धाकट्या जावेला वाफेनं दम लागायचा म्हणे. ती पलंगावर लोळून नखं रंगवायची. जगप्रवासी दारातून मोबाइलवर चित्रीकरण करायचे. "बघा मित्रांनो, चार माणसांचं जेवण जवळजवळ फुकटात!" अंगठा सुजलाय हे त्या चित्रीकरणात कुठे दिसणार? तीन दिवस असेच गेले. काकूंनी परदेश पाहिला तो बहुतेक पांढऱ्या टाइल्सचाच.

चौथ्या दिवशी सकाळी मीठ संपलं. काकूंनाच पाठवलं, हे सांगायला नकोच.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत भाजीचा ठोक बाजार होता. हातगाड्या, क्रेट, ओल्या पानांचा चिखल. बाजाराच्या टोकाला हमालांची खाणावळ. काकू दारातच थांबल्या. फळ्यावर एकच ओळ लिहिलेली, म्हणजे एकच पदार्थ. रांगेत सगळी चिखलाच्या बुटांची माणसं. पण चांगल्या जेवणाच्या या दोन्ही खुणांवर काकूंनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी मान लांब करून उष्टी ताटं टाकायच्या टबात पाहिलं. मेस चालवणाऱ्या माणसाला जेवणाची परीक्षा तिथेच कळते. सगळी ताटं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. शितभरही टाकलेलं नाही. काकू रांगेत उभ्या राहिल्या.

वाढणारी बाई आडव्या अंगाची, बाह्या वर सारलेली. तिनं भाज्या आणि घेवड्याचं दाट कालवण ताटातल्या वाटीत ओतलं, वर जाड पावाचे दोन तुकडे. पैसे किती? जगप्रवासी रोज विकत घ्यायचे त्या पाण्याच्या बाटलीला पडायचे त्याहून थोडेसे जास्त. काकू बाकावर बसल्या. कालवण इतकं गरम होतं की जीभ भाजली. त्यांनी वाटी संपवली तशी ती बाई भांडं घेऊन फिरत आली आणि न विचारता आणखी एक डाव वाढून पुढे गेली.

काकूंना रडू फुटलं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं. आणि रडता रडताच त्यांना असा संताप आला की हातातला पाव चुरगळला.

खोलीवर परतल्यावर त्यांनी मीठ टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं, "मी जेवून आले."

"हमालांच्यात? वहिनी, अहो, पोट बिघडेल!" जगप्रवाशांनी नाक मुरडलं. मग काकूंनी किंमत सांगितली आणि मुरडलेलं नाक जागच्या जागी आलं. "मी म्हणतच होतो, अशा जागा शोधायच्या असतात. चला, दुपारी सगळे तिथेच."

दुपारी चौघं खाणावळीत गेली. जगप्रवाशांनी आधी मोबाइल काढला. "मित्रांनो, आज मी तुम्हाला माझं एक गुपित सांगणार आहे." मग त्यांनी खिडकीजवळचं टेबल पटकावलं. जाऊबाईंनी रुमालानं बाक पुसला आणि बसल्या. नवराही बसला.

"वहिनी, तुम्हाला इथलं सगळं ठाऊक आहे. चार ताटं घेऊन या ना. आम्ही जागा धरतो."

"आण गं पटकन," नवरा म्हणाला. "भूक लागलीये."

काकू रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा वाढणाऱ्या बाईनं त्यांना ओळखलं. काकूंच्या खांद्यावरून तिनं टेबलाकडे पाहिलं, तिथे ऐसपैस बसलेली तीन माणसं पाहिली, आणि बोटं उघडून विचारलं, किती?

काकूंनी एक बोट वर केलं.

ताट घेऊन त्या टेबलाशी आल्या, नवऱ्यासमोर बसल्या आणि पाव मोडला.

"आमची?" नवऱ्यानं विचारलं.

"रांग तिकडे आहे."

जगप्रवासी हसले. थट्टा असेल म्हणून वाट पाहिली. काकूंनी पहिला घास घेतला, मग दुसरा घेतला. मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं समोरचा बाक कुरकुरला. नवरा उठला होता. रांगेत कुठून उभं राहायचं, ताट कुठून उचलायचं, हे त्याला समजेना. एका हमालानं त्याचा दंड धरून त्याला मागे, शेवटी नेऊन उभं केलं.

काकू जेवत होत्या.