चिंचेमागचं देऊळ

माझं माहेर पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा अख्खं गाव उठलं आणि वरच्या माळावर नवं बसलं. निघायच्या आधी बाबांनी अंगणात सागाची एक लांब बल्ली पुरली, बुडाशी दगड ठोकून ठोकून. आई म्हणाली, "आता काय मांडव घालता इथं?"

"पाणी चढलं की डोंगे येतीन," बाबा म्हणाले. "आपल्या भिंतीवर आदळून फुटले त शिव्या आपल्यालेच बसतीन."

झालंही तसंच. गाव गेलं, बल्लीचं टोक तेवढं वर राहिलं, आणि मासे धरणारे ते पाहून डोंगा वळवून न्यायला लागले. मी दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एक लाल फडकं न्यायची, धाकटा भाऊ ते टोकाला बांधायचा. अखजीला पितरांची घागर लोक घरातच पुजतात. मी मात्र भावाच्या नळावर घागर भरायची, त्याच्या डोंग्यात बसायची आणि बल्लीपाशी नेऊन ओतायची. "चल ताई, घरी जाऊन येऊ," असंच म्हणायचा तो. भावजय हसायची.

"अहो बाई, सारं धरण भरलं हाय. तुमच्या घागरीनं काय व्हते?"

"धरणातलं सरकारचं," मी म्हणायची. "घागरीतलं माह्यं."

बल्ली लवकर दिसली नाही तर जागा कशी ओळखायची, हेही भावानंच मला शिकवलेलं. टेकडीवरचं देऊळ काठावरच्या मोठ्या चिंचेमागं पुरतं लपलं, की समजायचं अंगण आलं.

मग धरणावर बोटिंग आलं. पाण्यात नारंगी डब्यांच्या दोन माळा सोडल्या, इंजिनाच्या बोटींनी त्यांच्यामधूनच धावायचं. भावाला तिथं बोट चालवायचं काम मिळालं. मला बरंच वाटलं. वल्हं मारून मारून त्याचे खांदे गेले होते बिचाऱ्याचे.

त्यानंतरच्या अखजीला त्यानं मला नेहमीसारखं डोंग्यातून नेलं. फडकं दिसलं, मी घागर ओतली. सहज वर पाहिलं तर देऊळ चिंचेच्या बाजूला, सगळं उघडं.

"काऊन रे, देऊळ सरकलं काय?"

"देऊळ सरकते का कुठं? तुह्ये डोये सरकले ताई. मोतीबिंदू हाय तो. दाखव कोणाले तरी."

मला माझीच लाज वाटली. पुढच्या अखजीला तर मी वर पाहिलंच नाही, खाली मान घालून घागर ओतली आणि परत आले. शेवटी थंडीत ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाली तशी आमच्या डोणगावच्या बाजारात वांग्यातली कीडसुद्धा दिसायला लागली. भाजीवाली वैतागली माझ्यावर. मी मनात म्हटलं, आता येऊ दे अखजी.

अखजी आली. डोंग्यात बसले. देऊळ तसंच, चिंचेच्या बाजूला. आणि समोर बल्ली नव्हतीच. लोखंडी पाइप होता, नारंगी रंग दिलेला, वरती माझं मागच्या वर्षीचं फडकं.

"बल्ली कुठी हाय?"

त्याचं वल्हं थांबलं. "काढली. बोटीच्या वाटेत येत होती."

"कोणी काढली?"

"सायेबानं सांगतलं... मीच काढली."

"अन् हा पाइप?"

"हे कडेची खूण हाय. इथून पुढं उथळ हाय, बोट आणायची नाही."

"मंग मी इतके दिवस पाणी कोणाले पाजलं रे?"

"माशायले," तो म्हणाला, आणि हसायला गेला. मी हसले नाही तसा खाली पाहून बोलला, "तुले खरं सांगतलं असतं त तू येणंच सोडलं असतं."

"ने मले तिथं."

त्यानं डब्यांच्या माळेकडं पाहिलं. पलीकडून बोट चालली होती, आतली पोरं आम्हाला हात हलवत होती. "तिकडं डोंगा नेऊ देत नाहीत ताई. माह्यं काम जाईन."

बल्ली काढली म्हणून मला इतकं लागलं नाही. पाणी त्याचं नाही, बोट त्याची नाही, नोकरी माणसाला पुष्कळ करायला लावते. पण त्यानं ते माझ्या डोळ्यांवर ढकललं. देऊळ खरं सांगत होतं आणि मी भावाचं ऐकलं. माझ्या मायबापाच्या अंगणावरून रोज बोटी धावत होत्या आणि मी भलत्याच चिखलात हात जोडत होते. तोही शेजारी बसून जोडत होता. ते काही केल्या डोळ्यापुढून जात नाही.

घागर ओतली नाही. भरलेली तशीच परत आणली, त्याच्या ओट्यावर ठेवली. भावजयीनं घागरीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि घागरीवर झाकण ठेवलं. मी जेवायला न थांबता बस धरली.

परवा त्याचा फोन आला. यंदाची अखजी जवळ आली आहे.

"येतीस न ताई?"

"कुठं?"

मागं बोटीचं इंजिन फटफटत होतं.

"धरणावर," तो म्हणाला. आजवर तो "घरी" म्हणायचा.