पायपेटीचे अडतीस सेकंद

मी कॉम्प्युटरवर बसून काय करतो, हे घरच्यांना एका वाक्यात सांगणं मला कधी जमलं नाही. एक जुना परदेशी सिनेमा आहे, अंतराळयानाचा. त्याच्या संगीताचा जो अल्बम निघाला त्यात निम्मं संगीत नाहीच. मग जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे फोरमवर जमतात, सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रतींतून तुकडे उचलतात, त्यावरचे संवाद आणि स्फोट गाळतात, आणि सगळं संगीत सलग जोडून एकमेकांना ऐकवतात. सोबत पुस्तिकाही करतात, कुठला तुकडा कुठून आला ते लिहून. बायको म्हणते, "ह्येका गोधडी म्हणतत." तिचं काही चुकत नाही.

पण या गोधडीचं सोवळं फार कडक. बाहेरची एक चिंधी चालत नाही. सूर हवा तो मूळ ध्वनिमुद्रणातलाच.

माझी आवृत्ती अडली ती अडतीस सेकंदांवर. यानाचा दरवाजा उघडतो तिथे खाली एक लांबलचक सूर आहे आणि वर इंजिनाची घरघर. घरघर काढली की सूरही जायचा. कॉम्प्युटरवर बनवून पाहिला, तर डबा वाजवल्यासारखा लागला. दोन महिने मी त्याच्या मागे होतो. एका दुपारी मामा आले, दारात उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो तर पायपेटीचो सूर. माका आधी सांगूक काय झाला?"

मामांनी तीस वर्षं दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवली. पायाने भाता मारायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर. आता बोटं आखडली, कंपनी सुटली. पेटी मात्र तेल घालून ठेवलेली.

आम्ही ती रिक्षात घालून आणली आणि काजूबियांच्या खोलीत मांडली. पोत्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, माइक चालू केला. मी म्हटलं, "मामानू, सुरू करा." मामांनी पायाने भाता मारला, सूर दाबून धरला, आणि डोळे मिटून चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो माझो भाचो साता समुद्रापलीकडच्या सिनेमाक सूर लावता हा, त्येका यश दी. ज्यानी कोणी मूळ संगीत केल्यान, त्येचाय बरा कर. कोणाची वायट नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा."

गाऱ्हाणं ऐकलं की होकार भरायला आमच्याकडे तोंड आपोआप उघडतं. मीही बोललो, "व्हय म्हाराजा."

मग ते वाजवत राहिले. पाच-सहा वेळा. पण गाऱ्हाण्याच्या शेवटी जो सूर लागला होता तो पुन्हा काही लागला नाही. शेवटी तोच घ्यायचं ठरवलं. निघताना पेटी झाकत त्यांनी विचारलं, "माझा नाव येतला मा खंय तरी? कंपनीच्या फळ्यार माझा नाव शेवटच्या ओळीत. कोणाचो हात लागलो काय पयला माझाच पुसला जाय."

"येतला तर," मी म्हटलं.

पुस्तिका लिहायला बसलो आणि माझी बोटं थांबली. खरं लिहिलं असतं तर आवृत्ती बाद झाली असती, हे खरंच. पण तेवढंच कारण असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. फोरमवर मला सगळे कुठल्याशा स्टुडिओतला जाणकार समजत होते. त्यांना कसं सांगू, की यानाचा दरवाजा कुडाळकडच्या एका म्हाताऱ्याने काजूच्या पोत्यांत बसून उघडला? मला लाज वाटली. मामांची वाटली. मी इंग्रजीत लिहिलं: मूळ स्टुडिओची टेप, वादक अज्ञात.

फोरमवर वाहवा झाली. एकाला मात्र त्या सुराच्या सुरुवातीला माणसाचा पुसट आवाज ऐकू आला. गाऱ्हाणं मी कापलं होतं, पण शेवटचे दोन शब्द आणि सूर एकमेकांत अडकलेले. कुणी म्हणालं नटाचा श्वास, कुणी म्हणालं परग्रहावरची भाषा. मी गंभीरपणे उत्तर दिलं की स्टुडिओतला कुणी कामगार असेल. काय माणूस आहे मी.

मामा पुस्तिका बघायला आले. धुतलेला शर्ट घालून. हेडफोन लावून सूर दोनदा ऐकला, मग म्हणाले, "नाव दाखव." त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. मी पडद्यावर त्याच ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ओळीला हात लावून कपाळाला लावला, मोबाइलने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर माझी भाचीही आहे. सावंतवाडीला कॉलेजात शिकते. तिने वाचलं, आणि ग्रुपवर काही न लिहिता मामांना फोन केला, हे मला बायकोकडून कळलं. फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून गेला.

दर बाजाराला येणारे मामा दोन बाजार आले नाहीत. तिसऱ्याला आले, नीरफणस घेऊन. ओसरीवर बसले, चहा घेतला. नावाचा विषय त्यांनी काढलाच नाही. कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "गाऱ्हाणा तरी ठेवलंस मा?"

"नाय. कापलंय."

"सगळा?"

"सगळा नाय," मी म्हटलं. "माझा 'व्हय म्हाराजा' तेवढा रवला."