साहेबांच्या बाटलीतलं पाणी

नाशिकच्या वेशीवर आमचा भाजीचा मळा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यातल्या विहिरीला गुलाबी पाणी यायला लागलं. वरच्या अंगाला साड्या रंगवायची एक शेड उभी राहिली होती. तिचा मालक भारी उदार. उरलेला रंग तो फुकट नाल्यात सोडायचा आणि नाला तो आमच्या विहिरीपर्यंत पोचता करायचा. आई त्याच पाण्यात मुळे धुऊन बाजारात न्यायची. पांढरे मुळे गुलाबी दिसू लागले. "मावशी, हे कुठलं नवीन बियाणं?" असं हसून विचारत गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जायचं. आमचं घर त्या मुळ्यांवर चालायचं, त्यामुळे आम्हाला हसू कमी यायचं.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेतीच्या कचऱ्याने जगातलं कुठलंही रंगीत पाणी स्वच्छ होतं, असा आमच्या सरांना साक्षात्कार झाला होता. फक्त परीक्षानळीत मावेल त्याहून जास्त पाणी त्यांनी कधी तपासलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे विहीरभर आहे.

मग नाशकातल्या द्वारका चौकातल्या रसवंतीतून उसाची चिपाडं पोत्यात भरून मोपेडवर आणायचं उच्च शिक्षण सुरू झालं. चिपाडं उकळायची, वाळवायची, कुटायची, पिंपात ठासायची आणि वरून विहिरीचं पाणी ओतायचं. गोडी नीट गेली नाही, तर शिवारातल्या सगळ्या मुंग्या संशोधनात सहभागी व्हायच्या. पण खालच्या तोटीतून पहिल्यांदा नितळ पाणी आलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आईला मिठीच मारली. मुळे पुन्हा पांढरे झाले.

अर्थात एका पिंपावर मुळे धुऊन होतात, मळा भिजत नाही. रंग सोडणंच थांबायला हवं होतं. मी सरकारी कचेरीत अर्ज दिला, खेटे घातले आणि बऱ्याच महिन्यांनी एक साहेब पाण्याचा नमुना न्यायला आले. नेमकी मी कॉलेजात. विहिरीची वाट चिखलाची आणि साहेबांचे बूट नवे. त्यांनी निंबाखाली खाटेवर बसूनच आईच्या हाती बाटली दिली आणि पाणी भरून आणायला सांगितलं.

आईने आधी बाटली राखेने घासून लख्ख केली. मग पिंपाच्या तोटीखाली धरली.

संध्याकाळी मी कपाळावर हात मारला, तर ती माझ्यावरच उखडली. "येवढ्या लांबून आलेला माणूस. त्याच्या हातात ते घाण पानी द्यायचं? लोक काय म्हनतील?" मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्यावर रागावता येत नव्हतं याचा त्याहून जास्त.

अहवाल आला: पाणी रंगहीन, तक्रारीत तथ्य नाही. सर हरखून गेले. सरकारनेच माझी पद्धत सिद्ध केली म्हणून त्यांनी तो कागद प्रबंधाला जोडायला लावला. मला पहिला वर्ग मिळाला. शेडच्या मालकाने पेढे पाठवले आणि नाल्यात आणखी एक पाइप सोडला.

पुढे मला नोकरी लागली आणि चिपाडं आणायला कोणी उरलं नाही. आईने मुळा लावायचं सोडून बीट लावलं. विहिरीच्या पाण्यात धुतलेलं ते बीट इतकं टवटवीत दिसायचं, की बायका घासाघीस न करता न्यायच्या आणि रक्त वाढतं म्हणून लहान मुलांना कच्चंच किसून घालायच्या.