धाकट्याचा मजला

संदीपचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होतो. समोरच्या आजोबांचं पासबुक मशीनमध्ये अडकलं होतं, म्हणून पहिला फोन कापला. दुसराही कापला. तिसरा उचलला तर पोरगा एवढंच म्हणाला, "काका, आप्पा गेले." भाताचे भारे वाहता वाहता बांधावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... मी आजोबांचं पासबुक काढून दिलं, शिक्का मारला, मगच उठलो. असं का वागलो, देव जाणे. संदीपचे आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

पिरंगुटवरून मुठ्याकडे वळलं की थोडं आत आमचं गाव. वडील लवकर गेले, तेव्हा दादा अकरावीला होता. दप्तर खुंटीला लावलं ते कायमचंच, आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागला. पहाटे खाचरात, सातला सायकलवर, संध्याकाळी पुन्हा खाचरात. मी पुण्यात कॉलेजला गेलो तो त्याच्या जिवावर, पण तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. प्रेसनं त्याचं एक बोट पेरभर नेलं, तर आठ दिवसांत गडी कामावर हजर. मी ओरडलो तर म्हणाला, "साडेनऊ बोटांनी जेवता येत न्हाई व्हय?" पुढे वहिनींची पाठ धरली, त्यांना चुलीपुढं बसवेना, तेव्हा याच बोटांनी तो भाकऱ्या थापायला शिकला. पहिल्या महिन्यात भाकरीचे नुसते नकाशे व्हायचे. नंतर मात्र अशा गोल, की वहिनीच म्हणायच्या, प्रेसमधनंच पाडून आणता का काय! बायको, दोन पोरं आणि मी, एवढंच त्याचं जग. मी त्यातून कधीच बाहेर पडलो होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं मीच होतं.

जुनं घर पाडून त्यानं स्लॅबचं घर बांधलं. स्लॅब पडला त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. मिस्त्री म्हणाला, कॉलममधून वर निघालेल्या सळया कापून टाकू, उगाच पावसात गंजतील. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वर धाकल्याचा मजला हाय." आणि माझ्याकडे वळला, "काय रं बाळ्या? रिटायर झाल्यावर येशील न्हवं?" त्याच आठवड्यात मी कोथरूडला फ्लॅटचं बुकिंग केलं होतं. मी म्हणालो, "बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे नाही. हे पुण्यात चार वर्षं काढलेल्या कुणालाही कळतं. आमच्या गावात मात्र 'बघू' म्हणजे ठरलं, आता फक्त मुहूर्त राहिला. दादानं गावातला अर्थ घेतला, आणि मी तो त्याला घेऊ दिला.

आमच्याकडचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. दर वर्षी पाऊस उघडला की दादा गच्चीवर चढायचा, सळयांचा गंज खरवडायचा, रेड ऑक्साईड लावायचा आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याची रिकामी बाटली पालथी घालायचा. मी चेष्टा करायचो, घराला शेंड्या ठेवल्यास की रे! तोही हसायचा. दर दिवाळीला विचारायचा, "मग कधी येतोस?" आणि माझं ठरलेलं, बघू. मग चार-पाच वर्षांपूर्वी त्यानं विचारायचं थांबवलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं.

शेवटचा भेटलो तो दसऱ्यानंतरच्या रविवारी. तो गच्चीवर रंगवत होता. मी खालून हाक मारली, चहा झालाय, ये लवकर, चांदणी चौकात गर्दी व्हायच्या आत मला निघायचंय. डब्यात ब्रश तसाच ठेवून तो उतरला. "चार-पाच राहिल्यात. करीन उद्या-परवा." माझ्या गाडीत नव्या... नव्हे, जुन्याच इंद्रायणीचं पोतं टाकलं, नवा तांदूळ आला की परत ने, म्हणाला. मग भातकापणी लागली, आणि त्या चार-पाच राहिल्या त्या राहिल्याच.

तेराव्यानंतर संदीपनं विषय काढला. गच्चीवर सोलर बसवायचं आहे, सळया आड येतात, शिवाय बुडातून पाणी झिरपतं. "काका, कापू का? तुमचं काय ते सांगा." माझ्या ओठांवर तेच 'बघू' आलं. वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता तरी सरळ सांगा, भावजी. त्यास्नी ठावं हुतं तुमी येनार न्हाई ते."

मी विचारलं, माहीत होतं, तर मग दर वर्षी रंग कशाला लावायचा तो?

"म्हनायचे, त्यानं तोंडानं न्हाई म्हनलं तर सळया कापाव्या लागतील. मग इचारूच कशाला?"

साठीला आलेला माणूस मी, तिथंच सुपाशेजारी बसून लहान पोरासारखा रडलो. वहिनींनी रडू दिलं. मग संदीपला सांगितलं, मी येणार नाही रे. तुझ्या काकूचं, पोरांचं सगळं पुण्यात आहे. तेव्हाही येणार नव्हतो. इतकी वर्षं जे दादाला सांगायचं होतं, ते त्याच्या पोराला सांगितलं. "पण सळया कापू नकोस," मी म्हणालो. सोलर पुढच्या अंगाला बसवतो, एवढंच तो म्हणाला.

मग गच्चीवर गेलो. कोपऱ्यात डबा, त्यात रंगाबरोबर वाळून दगड झालेला ब्रश. बाकीच्या सळया लालबुंद. शेवटच्या कॉलमच्या चार-पाच मात्र गंजलेल्याच, त्यातली एक अर्ध्यापर्यंतच रंगवलेली. मी हाक मारली होती, ती तिथं.

गेल्या रविवारी पिरंगुटहून नवा ब्रश आणि रंग घेऊन गेलो. त्या अर्ध्या सळईपासून सुरुवात केली. गंज खरवडताना हात सोलले, रंग निम्मा शर्टावर सांडला. थोड्या वेळानं खालून वहिनींनी चहाला हाक मारली. मी म्हणालो, एवढ्या राहिल्यात त्या करतो, मग येतो.