अर्धलीच्या डुकरांचे कान

सोनपेठच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कारकून आहे. तालुक्यातल्या पाळीव डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवरचं प्रमाण किती, असं विचारणारं पत्र वरून आलं, तेव्हा मी रजिस्टर चाळलं आणि शून्य लिहून मोकळा झालो. डॉक्टरांनी ते खोडलं. "रोग नाही म्हणून शून्य, की सांगायला कुणी येत नाही म्हणून शून्य?" डुक्कर मेलं की माणसं ते ओढ्यात टाकतात आणि गाव म्हणतं, बरं झालं. त्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढतो?

मुळात या रोगाचंच मला नीट उमजत नव्हतं. माणसाला होतो तो स्वाइन फ्लू वेगळा, हा माणसाला होत नाही. पण डुकराला झाला तर औषध नाही, आणि एका ठिकाणी निघाला की भोवतालच्या किलोमीटरभरातली सगळी डुकरं मारायची, धडधाकट असली तरी. दवाखान्याच्या फळ्यावर हे मीच लिहिलं होतं, तरी कुणी विचारलं की माझी त त प प व्हायची.

बाजाराच्या मागं, नाल्याकडेला एक मावशी डुकरं पाळायच्या. नवरा गेल्यापासून सहा माद्यांवर त्यांचं घर चालायचं. आणखी काही डुकरं त्यांनी राणीसावरगावच्या भाच्याला अर्धलीनं दिली होती, म्हणजे सांभाळायची त्यानं आणि पिलं निम्मी-निम्मी. एक दिवस त्या दवाखान्यात आल्या. डॉक्टर परभणीला बैठकीला गेले होते.

"भाचा म्हनायलाय, चार मेली. मेली का इकली, काय कळावं? मी सांगितलंय, कान घेऊन ये."

अर्धलीतला त्यांचा हा जुना रिवाज. जनावर मेलं की खुणेचा कान कापून मालकाला दाखवायचा. मावशींची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन खाचा.

चार डुकरं का मेली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. रजिस्टरात चढवता येईल असा पुरावा चालत येतोय, एवढंच दिसलं. "मावशी, चारही कान आणायला सांगा," मी म्हणालो, "मलाही नोंद करायचीय."

भाचा खताच्या पिशवीत कान घेऊन एसटीनं मावशींकडं आला, मीही रजिस्टर घेऊन तिथं गेलो. मावशींनी ते गोठ्याच्या दाराशी मांडून खाचा तपासल्या. चारही त्यांचेच निघाले. मी 'चार' लिहिलं आणि अडकलो. डुकरं मेली राणीसावरगावला, म्हणजे गंगाखेड तालुक्यात, मालकीण सोनपेठची, कान माझ्यासमोर. मग ही चार कोणत्या तालुक्याची? मी भाच्याशी याच्यावर वाद घातला, जणू सीमेचा तंटा होता. तेवढ्यात एक मादी येऊन पिशवी हुंगून गेली. मी तिला हाकललं आणि पुन्हा लिहायला लागलो. माझ्यासारखा शहाणा मीच.

आठवड्याभरानं मावशींच्या माद्यांनी खाणं टाकलं. कान आणि पोट निळसर पडलं. डॉक्टरांनी नमुने पाठवले. अहवाल येईपर्यंत चार मेल्या, अहवालात तोच रोग निघाल्यावर उरलेल्या दोन माद्या पिलांसकट मारून चुना टाकून पुरल्या.

मी डॉक्टरांना कानांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, कानांतून आला असेल. मग म्हणाले, मावशी रोज खानावळीचं खरकटं आणतात, त्यातूनही येतो. आता कसं सांगणार? मी आजही दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि कुठंच पोचत नाही. राणीसावरगावात हा रोग किती दिवस होता, आणखी कुणाच्या गोठ्यात होता, तेही कळलं नाही.

खड्डा बुजवून झाल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. "साहेब, कशानं आलं ओ हे?"

मी घाबरलो. कानांचं नाव काढलं असतं तर त्यात मीही आलो असतो. "खरकट्यानं," मी म्हणालो. "न उकळता घातलं की येतो."

त्या खाली बसल्या. "म्हंजी मीच चारलं म्हना की," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं."